खिडकी गोड लागते

काउंटीच्या गाडीतून उतरले
की रस्त्यातली पोरं ओरडतात, "शिसंवाली आली!"
हातात पिवळं यंत्र, हेअर ड्रायरसारखं दिसणारं,
भिंतीला टेकवलं की आतलं सगळं सांगतं.
माणसांना टेकवता येत नाही. त्यांना विचारावं लागतं.

घर कधी बांधलं? भाड्याचं की मालकीचं?
माणसं किती? त्यांतली सहा वर्षांखालची किती?
वंश, सांगायचा असेल तर.
घरात भाषा कुठली?

सकाळी श्रीमती वोज्तकोविआक. वय एक्क्याण्णव. माणसं: एक.
"दोन लिही," त्या म्हणाल्या. नवरा वारून अकरा वर्षं झाली,
पण गॅसचं बिल अजून त्याच्याच नावानं येतं.
मी एकच लिहिलं. कॉफी मात्र प्यायले.

वरच्या मजल्यावर धनमाया राई,
भूतानातून नेपाळात, तिथल्या छावणीतून इथे सरोवराकाठी,
तीन खोल्यांत नऊ माणसं
आणि बाथटबमध्ये धुवायला टाकलेली मोहरीची पानं.
वंशाच्या रकान्यापाशी तिचा नातू थबकला.
"आशियाई," मी म्हटलं. "इतर," तो म्हणाला,
आणि पेन माझ्या हातून काढून घेऊन
खूण त्यानंच केली.

नकाशावर आमचा भाग गडद असतो.
गरिबी: गडद. दमा: गडद. ओस घरं: गडद.
आम्हीही, तसे गडदच.
लोकसंख्या तेवढी फिकट होत चाललीय.

शेवटचं घर मी सकाळीच यादीत पाहिलं होतं.
दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं. दिलं नाही.
पायऱ्या अकरा. तिसरी अजून करकरते.
आता तिथे सिओमारा राहते, होंडुरासची,
रात्रपाळीला हॉस्पिटलच्या चादरी धुते.
मुलं दोन, धाकटा चौदा महिन्यांचा, रक्तात शिसं अठरा.
आकडा तिच्या हातातल्या कागदावर होता,
चेहऱ्यावर नव्हता,
कागद इंग्रजीत होता.

मागच्या खोलीतली खिडकी.
चाकूच्या टोकानं फळीचा कोपरा उकलला:
वर पांढरा, घरमालकाचा, तपासणीच्या धाकानं फासलेला.
त्याखाली राखाडी, बँकेनं जप्ती आणली तेव्हाचा.
मग पिवळा. तो माझ्या आईचा,
एका ईस्टरला डबा उधार आणला होता तिनं.
पिवळ्याखाली हंगेरियन लोकांचा हिरवा;
आम्ही राहायला आलो त्याच उन्हाळ्यात
अख्ख्या गल्लीत 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या.
त्याच्याही खाली तीन थर. कुणाचे, ठाऊक नाही.
ऑफिसातल्या कुठल्याच तक्त्यानं
काउंटी मला इतकी नीट समजावली नव्हती.

आणि कडेला, बोटांना लागल्या,
इतक्या रंगांनीही न बुजलेल्या,
दातांच्या खुणा.

सेड्रिक म्हणायचा, खिडकी गोड लागते.
आई हसायची, शेजारणींना सांगायची,
ऐकलंत का, आमच्या ह्याला खिडकी गोड लागते!
पुढे शाळेनं त्याच्या प्रगतिपुस्तकात 'मंद' लिहिलं,
मग 'हूड',
मग काहीच लिहिलं नाही.
सुटे पैसे मोजता यायचे नाहीत त्याला शेवटपर्यंत,
पण शहरातल्या सगळ्या बसचे नंबर पाठ होते.

यंत्र टेकवलं. ते लाल झालं.
"किती?" सिओमारानं विचारलं.
आकडे तेवढे मला स्पॅनिशमध्ये येतात.
आकडा सांगितला. मग हातवारे करून:
पाळणा इथून हलव, ओल्या फडक्यानं पूस, झाडू नकोस,
मालकाला नव्वद दिवसांची मुदत आहे.
"नव्वद," ती म्हणाली, आणि बाळाकडे पाहिलं.
तो माझ्या ओळखपत्राची दोरी चघळत होता.

दात किती आलेत ह्याला, मी विचारलं.
हा प्रश्न फॉर्मवर नाही.
सिओमारानं त्याला उजेडाकडे वळवलं,
अंगठ्यानं ओठ वर केला,
आणि आम्ही दोघींनी मोजले.